उंबरठ्यावरचा बंदोबस्त

फायबरचे इंटरनेट घरी आले की कंपनीचा माणूस भिंतीवर जी पांढरी पेटी ठोकून जातो, तिच्याकडे गृहस्थाचे लक्ष तिचा तांबडा दिवा लागला म्हणजेच काय ते जाते. एरवी तिच्यातून वाय-फाय मिळते एवढ्या ज्ञानावर संसार सुखाने चालतो. परंतु मुलांचे मोबाइल, दिवाणखान्यातला टीव्ही, जिन्यातला कॅमेरा आणि बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तो संगणक, या साऱ्यांच्या रक्षणासाठी आता एखादी चांगली फायरवॉल विकत घ्यावी असे ज्यांच्या मनात येऊ लागले आहे, त्यांनी बाजाराची वाट धरण्यापूर्वी या पेटीची कैफियत ऐकून घ्यावी हे उचित होय. कारण फायरवॉल तिच्यात आहेच, बहुधा चालूही आहे, आणि प्रश्न उरतो तो इतकाच की ती नेमकी कोणाच्या हुकमाने चालते.

फायरवॉलचे काम मूलतः नाकेदाराचे. पेशवाईतील जकातनाक्यावर माल कोठून आला, कोठे चालला आणि त्यासोबत दस्तक आहे की नाही हे पाहून नाकेदार जसा तो सोडी वा अडवी, तद्वत् प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि ६५,५३५ पर्यंत जाणारा पोर्टचा, म्हणजे यंत्राच्या दाराचा, क्रमांक वाचून, आपल्याजवळच्या नियमांच्या यादीशी ताडून, फायरवॉल त्याला वाट देते किंवा निमूटपणे टाकून देते. या पहाऱ्याची निकड प्रथम भासली ती विद्यापीठांना आणि मोठ्या उद्योगसंस्थांना. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी प्रोग्राम, तोवर परस्परविश्वासावर चाललेल्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प करून गेला, आणि आपले जाळे व बाहेरचे जग यांच्यामध्ये काहीतरी आडपडदा असावा हा विचार तेथून बळावला. आरंभीचे पहारे प्रत्येक पॅकेट सुटे पाहत; मागले त्यांना स्मरत नसे; त्यामुळे घरातल्याने मागवलेले उत्तर कोणते आणि आगंतुक कोण हा भेद त्यांना नीट करता येत नसे. १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने बाजारात आणलेल्या फायरवॉलने मात्र ही स्मृती व्यवहारात रूढ केली : आतून कोणी कोणाकडे काय मागितले याची नोंद ठेवावयाची, आणि बाहेरून आलेले पॅकेट त्या नोंदीतल्या मागणीचे उत्तर असेल तरच आत घ्यावयाचे. आज सामान्य घरगुती राउटरही, म्हणजे भिंतीवरची ती पांढरी पेटीही, हेच करतो, आणि घरगुती संरक्षणाचा निम्माअधिक भाग या एका नियमात सामावलेला आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

तथापि सामान्य गृहस्थावरचा सर्वांत मोठा उपकार कोणाच्या ध्यानीमनी नसताना झाला. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते होते सुमारे ४२९ कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या दशकारंभीच दिसू लागले होते. तेव्हा केवळ तात्पुरती सोय म्हणून १९९४ च्या मे महिन्यात अशी युक्ती मांडण्यात आली की घरातल्या वा कचेरीतल्या साऱ्या यंत्रांना आपसांत खासगी पत्ते द्यावेत आणि बाहेर जाताना राउटरने त्या सर्वांवर एकच सार्वजनिक पत्ता चढवावा. राउटरच्या व्यवस्थापनपानाचा जो १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आपण पाहतो, तो याच व्यवस्थेतला. नॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युक्तीचा हेतू रक्षण हा मुळीच नव्हता. पण आतल्या यंत्राला बाहेरून थेट हाक मारण्याची सोयच तिने काढून घेतली, आणि अनाहूत पाहुणा आपोआप दारातच अडू लागला. हा आडोसा नसेल तर काय होते ते ऑगस्ट २००३ मध्ये दिसले. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे असाच एक स्वयंप्रसारी प्रोग्राम, विंडोजच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून शिरत असे. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिन्यापूर्वीच प्रसिद्ध केली होती. परंतु मोडेमला संगणक थेट जोडणाऱ्या असंख्य लोकांनी ती बसवलेली नव्हती, आणि विंडोज एक्सपीबरोबर आलेली फायरवॉल मुळात बंदच ठेवून दिलेली होती. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, ती आपोआप चालू राहील अशी व्यवस्था झाली. पहारेकरी नेमावयाचा आणि त्याला निजवून ठेवावयाचे, हा कारभार त्या काळी जगातल्या सर्वांत नामांकित कंपनीने केला, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

नॅटच्या या अकल्पित छत्रावर विसंबून राहण्याचे दिवस आता सरत चालले आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला, आणि नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या, पत्त्यांचा वापर वाढत गेला. या बाबतीत भारत जगातल्या अग्रेसर देशांत मोडतो. नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, म्हणजेच पत्ता बदलण्याचे प्रयोजन राहत नाही आणि त्या बदलाने मिळणारा आडोसाही राहत नाही. एकेका घराच्या वाट्याला इतके अफाट पत्ते येतात की अंदाजाने चाचपून यंत्र सापडणे दुष्कर, हे खरे. पण ज्या ज्या संकेतस्थळाला आपण भेट देतो त्याच्या दप्तरात आपला पत्ता नोंदला जातोच. अशा वेळी राउटरमधली आयपीव्ही६ ची फायरवॉल हा उंबरठ्यावरचा एकच पहारा उरतो. गेम नीट चालेना, कॅमेरा दिसेना म्हणून कोणी ती बंद करून ठेवली असेल, तर घर उघडे पडले आहे याचा मागमूसही गृहस्थाला लागत नाही, कारण इंटरनेट पूर्वीइतकेच झोकात चालू असते.

बाहेरून दार फोडण्यापेक्षा आतून कडी काढून देणारे कोणी मिळाले तर चोराचे काम हलके होते, आणि घरगुती जाळ्यात असे फितूर बहुधा निरपराध बुद्धीनेच निपजतात. यूपीएनपी नावाची सोय बहुतेक राउटरांत असते. तिच्या आधारे घरातले कोणतेही यंत्र राउटरला ‘अमुक पोर्ट माझ्यासाठी उघड’ असे सांगते आणि राउटर पासवर्ड न विचारता ते उघडतो. ही सोय घराच्या आतल्या अंगापुरतीच असावी असा संकेत. परंतु २०१३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिला बाहेरून, खुल्या इंटरनेटवरून, उत्तर देणारे ८ कोटींहून अधिक पत्ते आढळले. कॅमेऱ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हुडकून त्यांवर कारखान्यातूनच आलेल्या साठएक नावा-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहिल्या, आणि एवढ्याशा भांडवलावर लाखो यंत्रांची फौज उभी केली. २१ ऑक्टोबर रोजी अशाच फौजेने, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या बड्या सेवा काही तास लोकांना दिसेनाशा झाल्या. विशेष हे की हा प्रोग्राम यंत्राच्या केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. यंत्र बंद करून चालू केले की तो जाई, आणि पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत येई. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या एका वंशजाने, इंटरनेट कंपन्या ग्राहकांचे राउटर दुरून सांभाळण्यासाठी जो ७५४७ क्रमांकाचा पोर्ट वापरतात, त्यावर धाड घातली, आणि जर्मनीतील डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

आता प्रत्यक्ष बंदोबस्ताकडे वळू. राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर त्याच्या व्यवस्थापनपानाचा पत्ता आणि प्रवेशाचे नाव-पासवर्ड असतात. ब्राउझरमध्ये तो पत्ता घालून आत गेल्यावर पहिले काम हा पासवर्ड बदलण्याचे, आणि तो वाय-फायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवण्याचे, कारण वाय-फायचा पासवर्ड आल्यागेल्या प्रत्येकाला द्यावा लागतो आणि कारभाराची किल्ली पाहुण्याच्या हाती द्यावयाची नसते. फर्मवेअर, म्हणजे पेटीतला मूळ प्रोग्राम, नवे आले असल्यास ते तेव्हाच चढवावे. दुरून व्यवस्था करण्याची मुभा, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करावी. बटण दाबून वा आठ आकडी पिन घालून यंत्र जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोयही बंद करावी. ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, आणि त्यामुळे १० कोटी शक्यतांऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते हे २०११ मध्येच उघड झाले आहे. यूपीएनपी बंद करून पाहावे. एखादा गेम अडला तर तेवढा एक पोर्ट हाताने उघडावा. यानंतर पोर्ट फॉरवर्डिंगचे पान आवर्जून उघडावे, कारण जुन्या कॅमेरावाल्याने ‘बाहेरून मोबाइलवर दिसावे’ म्हणून केलेल्या नोंदी, तो कॅमेरा भंगारात गेला तरी, तेथे वर्षानुवर्षे पडून राहतात. याहून घातक म्हणजे डीएमझेड नावाची खूण : ती ज्या यंत्रापुढे केली असेल ते सर्व पोर्टांनिशी जगाला मोकळे असते, आणि घाईत असलेल्या कारागिराला ती फार सोयीची वाटते. फायरवॉलची पातळी निवडण्यास सांगितले असेल तर मध्यम पुरे. सर्वांत कडक पातळीत काही राउटर बाहेर जाणाऱ्या वाटाही अडवतात, मग घरात तक्रारी सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी सगळेच बंद करून टाकतो. कॅमेरे, टीव्ही, बोलणारे स्पीकर यांना पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर बसवावे, म्हणजे त्यांपैकी एखादे बिघडले तरी संगणकापर्यंत त्याचे हात पोचत नाहीत. या साऱ्यांतून एकच गोष्ट करावयाची झाली तर मी ही शेवटची करीन.

स्वतंत्र फायरवॉल घ्यावी काय? ज्याला नियम लिहिण्याची आणि मासिक देखभालीची खरोखर आवड आहे त्याने अवश्य घ्यावी, इतरांनी नव्हे. २००२ च्या सुमारास निघालेल्या लिंक्सिसच्या एका निळ्या राउटरात लिनक्स होते. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला आपला कोड खुला करावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मला, जो आजही पुष्कळशा राउटरांवर मूळ फर्मवेअरच्या जागी बसवता येतो. दोन जाळ्यांची तोंडे असलेल्या लहानशा संगणकावर पीएफसेन्स ही फायरवॉलची प्रणाली किंवा तिच्यातून २०१५ साली वेगळी झालेली ओपीएनसेन्स बसवली, तर मोठ्या कचेरीच्या तोडीचा कारभार घरात करता येतो. मात्र तेव्हा कंपनीच्या पेटीला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसती वाट देणाऱ्या अवस्थेत, टाकण्याची विनंती करावी, नाहीतर दोन नॅट एकावर एक बसतात. वार्षिक वर्गणी घेऊन ‘सर्व धोक्यांपासून संरक्षण’ विकणाऱ्या पेट्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही; आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने पॅकेटाच्या पोटात काय आहे ते या पेट्यांनाही सहसा दिसत नाही, आणि त्यांचा भर वाईट ठरलेल्या पत्त्यांच्या याद्यांवरच राहतो.

संगणकाची स्वतःची फायरवॉल मात्र राउटर कितीही चांगला असला तरी चालूच ठेवावी. विंडोजमध्ये ती चालू असते. मॅकवर आणि उबुंटूवर ती आपण होऊन चालू करावी लागते. नवे वाय-फाय जोडताना ते जाळे सार्वजनिक मानावे की खासगी ही निवड विंडोजमध्ये करता येते. हॉटेलात, स्थानकावर, नातेवाइकांकडेही, निवड सार्वजनिक हीच ठेवावी. आणि फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्या भामट्यापुढे यांपैकी एकही पहारा उपयोगी नाही. तेथे विलंब न करता १९३० हा सरकारी क्रमांक फिरवावा.

काम झाल्यावर परीक्षा बाहेरूनच घ्यावी. मोबाइलचे वाय-फाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावरून घरचा बाह्य पत्ता ब्राउझरमध्ये घालावा. राउटरचे प्रवेशपान उघडले, तर दूरव्यवस्था अद्याप चालू आहे असे समजावे. राउटरच्या स्थितिपानावरचा बाह्य पत्ता १०० आणि ६४ ते १२७ यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे, आणि त्या परीक्षेतून आपल्या घराविषयी काही कळत नाही. आयपीव्ही६ ची परीक्षा तेव्हा निराळी करावीच लागते. सरतेशेवटी या सर्व नोंदी वहीत उतरवून ठेवाव्यात किंवा पेटीतून त्यांची प्रत काढून घ्यावी, कारण तक्रार नोंदवल्यावर आलेला तंत्रज्ञ पुष्कळदा जुनी पेटी काढून नवी लावून जातो, आणि नवी पेटी कारखान्यातल्या पासवर्डनिशी, यूपीएनपी चालू ठेवून, पुन्हा पहिल्यापासून कारभार सुरू करते.