रक्तगट जुळला, तरी नवऱ्याची किडनी का चालली नाही? उत्तर सापडलं जुळ्या वासरांमुळे

घरातल्या बाईच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. पहाटेची एसटी पकडायची, चार तास मशीनला लागायचं, अंधार पडता पडता घरी यायचं. शेवटी नवरा म्हणतो, माझी घ्या. रक्तगट तपासतात तर दोघांचा एकच. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि काही दिवसांनी हॉस्पिटलमधून सांगतात, "क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलाय. यांची किडनी यांना चालणार नाही."

'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलंच असणार, असं वाटून काही जण आधी खूशही होतात. मग खरा अर्थ कळतो आणि संशय सुरू होतो. नमुना बदलला का? लॅबवाल्यांचं काही चुकलं का?

बहुतेक वेळा लॅबचं काही चुकलेलं नसतं. त्या बाईच्या रक्ताने नवऱ्याच्या पेशींच्या खुणा आधीच ओळखून ठेवलेल्या असतात, आणि ही ओळख झालेली असते तिच्या बाळंतपणांत. शरीर परक्याला ओळखतं आणि ते लक्षात ठेवतं, ही गोष्ट आज कुठल्याही ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये सांगतात. ती ज्यांनी शोधून काढली त्यांची कहाणी मात्र फारशी कोणी सांगत नाही. तिच्यात एक भाजलेली बाई आहे, गाई आहेत, आणि लंडनच्या एका लॅबमधली तीन माणसं आहेत.

भावाची कातडी

1940 साल. दुसरं महायुद्ध सुरू होतं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डमध्ये पीटर मेडावर नावाचे पंचवीस वर्षांचे प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. जन्म ब्राझीलचा, वडील लेबनॉनचे, आई इंग्रज. एक दिवस त्यांच्या घराजवळच बॉम्बफेकी विमान कोसळलं. त्यातल्या एका तरुण सैनिकाची बरीचशी कातडी जळाली होती. डॉक्टरांनी मेडावर यांना विचारलं, यावर काही करता येईल का?

भाजलेल्या माणसाला त्याच्याच मांडीची कातडी लावली तर धरते. पण अंगावर पुरेशी चांगली कातडीच उरली नसेल, तर दुसऱ्याची लावावी लागते. दुसऱ्याची कातडी सुरुवातीला धरल्यासारखी दिसते, मग खराब होऊन गळून जाते. तेव्हाच्या बऱ्याच सर्जनना वाटायचं की आपल्या हातातच काहीतरी कमी आहे.

मेडावर ग्लासगो शहरातल्या रॉयल इन्फर्मरी या हॉस्पिटलात गेले. तिथे थॉमस गिब्सन या सर्जनसोबत त्यांनी एका भाजलेल्या तरुण बाईवर लक्ष ठेवलं. तिला तिची स्वतःची कातडी आणि तिच्या सख्ख्या भावाची कातडी, अशा दोन्हींचे बारीक बारीक तुकडे लावले होते. तिचे स्वतःचे तुकडे धरले, भावाचे गेले. सुमारे पंधरा दिवसांनी भावाच्याच कातडीचे आणखी तुकडे लावले. ते पहिल्यापेक्षा लवकर गेले.

या 'लवकर'मध्येच सगळं होतं. टाक्यांचा दोष असता तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला असता. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, कारण शरीराने तो रोग लक्षात ठेवलेला असतो. भावाच्या कातडीचंही तेच झालं होतं. पहिल्या वेळी शरीराने तिला परकं म्हणून ओळखलं, दुसऱ्या वेळी राखण तयारच होती. 1943 मध्ये दोघांनी हे छापून प्रसिद्ध केलं.

गाय एक, वळू दोन

पुढची पायरी गोठ्यातली आहे. 1948 मध्ये स्टॉकहोमच्या एका परिषदेत ह्यू डोनाल्ड या गुरांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाने मेडावर यांना विचारलं, जुळी वासरं एकाच बीजाची की वेगवेगळ्या, हे खात्रीने कसं ओळखायचं? मेडावर म्हणाले, सोपं आहे. एकाची कातडी दुसऱ्याला लावून बघा. एकाच बीजाची असतील तर धरेल, नाहीतर गळेल.

मेडावर तोवर बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले होते. त्यांचे विद्यार्थी रूपर्ट बिलिंगहॅम त्यांच्यासोबत होते. दोघं गाडी काढून फार्मवर जायचे, वासरांना कातडी लावायचे, परत यायचे. निकाल मात्र उलटाच लागला. जवळपास सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी धरली. एक गोऱ्हा आणि एक कालवड अशा जोड्यांमध्येही धरली, आणि त्या तर एकाच बीजाच्या असणं शक्यच नाही.

उत्तर तीन वर्षं आधीच अमेरिकेत छापलेलं होतं, फक्त या दोघांच्या वाचनात आलं नव्हतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गुरांचे रक्तगट तपासायचे. मेरीलँड राज्यातल्या एका गोठ्यात गर्नसी गाईवर तिच्याच जातीचा वळू सोडला होता, आणि त्याच दिवशी हेरफर्ड जातीचा दुसरा वळूही तिच्यावर गेला. तिला जुळी झाली, दोघांचे बाप वेगळे. ओवेन यांनी रक्त बघितलं तर दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही बापांच्या खुणा होत्या. जुळ्या वासरांची वार बहुतेक वेळा आतून जोडली जाते आणि पोटातच एकाचं रक्त दुसऱ्यात जातं. त्या परक्या पेशी मोठेपणीही अंगात टिकून राहतात आणि शरीर त्यांच्यावर उठत नाही.

याच जोडलेल्या वारेचा दुसरा परिणाम गुरं पाळणाऱ्यांना ठाऊक असतो. गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली, तर दहातल्या नऊ वेळा ती कालवड पुढे गाभण राहत नाही. जुनी माणसं अशी कालवड दुधासाठी ठेवत नाहीत, ती उगाच नाही.

लंडनची लॅब

1951 मध्ये मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम बरोबर होतेच. तिसरे आले लेस्ली ब्रेंट. त्यांचं मूळ नाव लोथार बारूख, जन्म जर्मनीतला, ज्यू घरातला. 1938 च्या डिसेंबरमध्ये, तेराव्या वर्षी, ज्यू मुलांना वाचवण्यासाठी इंग्लंडला नेलेल्या पहिल्या तुकडीत ते निघाले. मागे राहिलेले आई-वडील आणि बहीण यांना नाझींनी मारलं. ब्रेंट ब्रिटिश सैन्यात भरती झाले तेव्हा नाव बदललं, आणि युद्धानंतर बर्मिंगहॅमला प्राणिशास्त्र शिकायला लागले. तिथेच मेडावर यांची गाठ पडली.

या तिघांनी ठरवलं की गाईच्या पोटात निसर्गाने जे केलं ते आपण मुद्दाम करून बघायचं. तपकिरी उंदरीण गाभण असताना तिच्या पोटातल्या पिल्लांना पांढऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिल्लं जन्मली, मोठी झाली. मग त्यांच्यावर त्याच जातीच्या पांढऱ्या उंदराची कातडी लावली. काही पिल्लांवर ती धरली आणि टिकली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा ठिगळासारखा चट्टा! ऑक्टोबर 1953 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे आलं. परक्याला 'आपलं' मानायला शरीराला शिकवता येतं, हे पहिल्यांदाच प्रयोगात दिसलं.

1954 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. हा पहिला यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट. ऑपरेशनआधी त्यांनी या भावांची कातडी एकमेकांना लावून बघितली होती, एकाच बीजाचे आहेत ना याची खात्री करायला.

1960 चं नोबेल मेडावर यांना ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत मिळालं. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांची नावं त्यात नव्हती. मेडावर यांनी आपल्या बक्षिसाच्या रकमेतला वाटा दोघांनाही दिला. मोठ्या साहेबाचं नाव आणि हाताखालच्यांची मेहनत हा प्रकार सगळीकडेच चालतो, म्हणून ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

एक थेंब, त्याचाही पन्नासावा भाग

1957 मध्ये याच लॅबमध्ये अमेरिकेहून पॉल तेरासाकी नावाचा तरुण संशोधक शिकायला आला. जपानी आई-वडिलांचा, जन्म लॉस एंजेलिसचा. युद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं, त्यात लहानपणी तेरासाकींचं कुटुंबही होतं.

त्याच सुमारास, 1958 मध्ये, अमेरिकेत रोझ पेन आणि नेदरलँड्समध्ये योन व्हान रूड यांना बायकांच्या रक्तात एक गोष्ट दिसली. बाळाच्या पेशींवरच्या अर्ध्या खुणा आईच्या असतात, अर्ध्या बापाच्या. गरोदरपणात आणि बाळंत होताना बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात. काही बायकांचं शरीर त्यातल्या बापाच्या खुणा परक्या म्हणून ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. बाळाला याने सहसा काही होत नाही. पण त्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. सगळ्याच बायकांत हे होत नाही, पण जास्त बाळंतपणं झाली की शक्यता वाढते.

अँटिबॉडी आहेत हे कळलं, पण प्रत्येक पेशंटमध्ये त्या तपासायच्या कशा? जुन्या तपासणीला रक्त बरंच लागायचं आणि निकालाचा भरवसा नव्हता. तेरासाकींनी 1964 मध्ये तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या थाळीत, बारीक खळग्यांमध्ये, एका थेंबाच्या साधारण पन्नासाव्या भागात भागेल अशी तपासणी काढली. एवढंसं रक्त लगेच वाळून जाईल म्हणून वर तेलाचा थर. खळग्यात किडनी देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आणि घेणाऱ्याच्या रक्ताचं पाणी एकत्र करायचं, सशाच्या रक्तातलं एक द्रव्य टाकायचं, मग रंग. पेशी मेल्या की रंग आत शिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पेशी मेल्या, म्हणजे घेणाऱ्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी आधीच आहेत. हाच पॉझिटिव्ह क्रॉसमॅच.

1969 मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी आकडे मांडले. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही किडनी बसवलेल्या 30 जणांपैकी 24 जणांची किडनी लगेच निकामी झाली होती. निगेटिव्ह असलेल्या 195 जणांत असं फक्त 8 जणांचं झालं. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवायची सोय उरली नाही. आता यंत्रं नवी आली आहेत आणि ती याहून बारीक अँटिबॉडीही पकडतात, पण तपासायची गोष्ट तीच आहे.

मग घरच्यांनी काय करायचं?

आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. पण पेशंट बाई असेल तेव्हा नवऱ्याची किंवा मुलाची किडनी क्रॉसमॅचला अडकू शकते, कारण खुणा त्याच असतात. यात त्या बाईचा दोष नाही आणि नवऱ्याचाही नाही. कोणाची किती बाळंतपणं झाली, गर्भपात झाला होता का, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का, हे ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये विचारतात. लाजून लपवण्यासारखं त्यात काही नाही. रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात. डायलिसिसच्या पेशंटला ऊठसूट रक्त देणं डॉक्टर टाळतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे सगळे रस्ते बंद झाले असं नाही. भाऊ, बहीण, आई, वडील यांच्यापैकी दुसरं कोणी जुळू शकतं. दोन कुटुंबांनी आपसांत दाते बदलून घ्यायची मुभा कायद्यात आहे. काही ठिकाणी औषधांनी आणि रक्त गाळून अँटिबॉडी कमी करतात, पण ते खर्चिक आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव लावता येतं. महाराष्ट्रात ते काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत चालतं.

क्रॉसमॅच निगेटिव्ह आला तरी किडनी परकीच असते. आज तयार अँटिबॉडी नाहीत, एवढंच त्या रिपोर्टमधून कळतं. म्हणून गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्यायच्या. दोन-तीन वर्षं बरं गेलं की 'आता कशाला गोळ्या' म्हणून बंद करणारे पेशंट असतात, आणि मग चांगली चाललेली किडनी जाते. उंदराच्या पिल्लांत जे जमलं ते माणसांत अजून सरसकट जमलेलं नाही. अमेरिकेत काही सेंटरमध्ये दात्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन मोजक्या पेशंटच्या गोळ्या थांबवता आल्या आहेत. जगभरच्या लॅबमध्ये आज बरीच माणसं याच कामाला लागलेली आहेत.

शेवटचा क्रॉसमॅच ऑपरेशनच्या थोडं आधी पुन्हा करतात. आधीच्या तपासणीनंतर मधल्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात रक्ताची पिशवी चढवली असेल, तर तिची तारीख लिहून ठेवावी आणि ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला लगेच फोन करून सांगावी.