काचेच्या घुमटाखाली मोजलेलं ऊन
पायरानोमीटर संपूर्ण आकाशातून सपाट पृष्ठावर पडणारे सौर प्रारण मोजतो. दुहेरी काचेच्या घुमटाखालची काळी चकती तापली की थर्मोपाइलमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून दर चौरस मीटरला किती वॅट शक्तीचे प्रारण येते ते कळते. घुमटावर धूळ किंवा पहाटेचे दव साचले तरी नोंद चुकते, म्हणून तो मऊ फडक्याने नियमित पुसणे हे फार मोलाचे काम. पायरहेलिओमीटर मात्र सुमारे ५ अंशांच्या अरुंद नळीतून फक्त सूर्याकडेच पाहतो, दिवसभर त्याच्यासोबत वळत. विमानात एक पायरानोमीटर पाठीवर, दुसरा पोटाखाली बसवतात. दोन उंचींवरच्या नोंदींतून मधल्या ढगाने किंवा धुरकट थराने किती प्रारण शोषले ते निघते. विमान जरासे कलले तरी आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक मोजणीसोबत कलाचीही नोंद ठेवावी लागते.