काळा दगड आणि पोलादी जबडा

भंडारा जिल्हा म्हटले की तलाव, धान आणि पितळेची भांडी एवढेच बहुतेकांना आठवते. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना वाटेत मोहाडी लागते. तिथे थांबणारा पाहुणा चौंडेश्वरीचे दर्शन घेतो, जवळच्या आंधळगावचे विणकाम पाहतो आणि मार्गस्थ होतो. पण तुमसरच्या उत्तरेला, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे जमिनीच्या पोटातून जो काळा, हाताला भलताच जड लागणारा दगड निघतो, त्याच्यावाचून पोलादाच्या भट्टीचे पान हलत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा दगड म्हणजे मँगनीज. मला त्याची गोष्ट सांगायची आहे ती एका वेगळ्याच कारणाने. खाणीतून निघालेला हा दगड ज्या यंत्राखाली फुटतो, त्या यंत्राचा जबडाही याच दगडाच्या सत्त्वातून घडलेला असतो!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात पोलाद स्वस्तात करण्याची युक्ती निघाली खरी, पण गंधक आणि प्राणवायू यांच्या दोषाने ते तापवून लाटताना तडकत असे. १८५६ साली रॉबर्ट मशेट याने त्यात थोडे मँगनीज घालून तो दोष घालविला. मात्र मँगनीज अंमळ जास्त झाले की पोलाद काचेसारखे फुटे, म्हणून त्या वाटेला कोणी फारसे जात नव्हते. शेफील्ड येथे रॉबर्ट हॅडफिल्ड नावाचा तरुण होता. बापाची ओतशाळा होती. त्याने मँगनीजचे प्रमाण वाढवीत वाढवीत शंभरात बारा-तेरा भागांपर्यंत नेले, आणि १८८२ साली त्याच्या हाती एक नवलच लागले. साधे पोलाद लाल करून पाण्यात बुडविले की कठीण व ठिसूळ होते. हे पोलाद मात्र तसे केले की चिवट होई. त्यावर घाव घाला, वरचा थर अधिकाधिक कठीण होत जाई, आतला गाभा मात्र चिवटच राही. मार खाऊन शहाणे होणारे पोलाद म्हणा ना!

दगड फोडणाऱ्या यंत्राला याहून चांगला जबडा कोणता मिळणार? पण इथे एक अडचण आहे. या पोलादावर गिरमिट चालत नाही आणि लेथवर ते सहजी कापले जात नाही. म्हणून त्याला जो आकार द्यायचा, तो ओततानाच द्यावा लागतो. खाणीच्या धंद्याला ओतशाळेची गरज भासते ती इथे.

असे ओतकाम मी उभा राहून पाहिले आहे. आधी लाकडाचा नमुना करतात, तो मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठा. कारण थंड होताना धातू आखडतो, आणि हे पोलाद तर जास्तच आखडते. नमुना वाळूत दाबून साचा घेतात. नेहमीची नदीची वाळू इथे धोका देते. मँगनीजचा गंज तिच्याशी संयोग पावून ओतीव वस्तूला चिकटतो. म्हणून साच्याच्या आतल्या अंगाला निराळी वाळू लावतात. विजेच्या भट्टीतला रस साच्यात उतरतो तेव्हा क्षणभर कोणी बोलत नाही. मग निवलेला जबडा पुन्हा हजार अंशांच्या वर तापवून झपकन पाण्यात टाकायचा. वाटेत जरा रेंगाळले, तर जबडा पुढे खाणीत पहिल्याच आठवड्यात तडकायचा. सगळी कमाई त्या काही क्षणांच्या हुशारीवर!

आता दगडाकडे वळू. मध्य प्रांतात मँगनीज काढण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या तोंडावर नागपूर जिल्ह्यात सुरू झाला. १८९६ साली स्थापन झालेल्या सिंडिकेटचे पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत रूपांतर झाले. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ साली या खनिजावर प्रचंड ग्रंथ लिहिला. इथल्या एका खडकाला तर त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारी आगगाडी याच खनिजाच्या मुलखातून धावते. माल बंदरावर जाई, तिथून विलायतेला. भाव चढला की खाणी गजबजत. १९२९ नंतरच्या मंदीत भाव कोसळला, खाणी थंडावल्या आणि मजूर रिकाम्या हाताने धानाच्या बांधावर परतले.

या मजुरांत बायका पुष्कळ. उन्हात बसून, हातोडीने ढेकळे फोडून, चांगला दगड आणि टाकाऊ दगड वेगळा करण्याचे काम त्यांचे. १९५२ च्या खाण कायद्याने त्यांना खाणीच्या आत जाण्यास मज्जाव होता. तो २०१९ साली अटींवर सैल झाला.

१९६२ साली सरकारने कंपनीची मालमत्ता घेऊन मँगनीज ओअर इंडिया ही संस्था काढली. तिच्यात ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचे होते. उरलेले ४९ टक्के १९७७ साली घेतले गेले. आजची मॉईल ती हीच. डोंगरी बुजुर्गचे खनिज विजेरीच्या सेलसाठीही नावाजलेले, म्हणून १९९१ साली तिथे त्याचा कारखाना निघाला. तुमसरजवळ माणेकनगरात दगड वितळवून फेरोमँगनीज करणारा कारखानाही होता. तो पुढे बंद पडला आणि वसाहत ओस झाली. मोहाडी तालुक्यातील वरठीचा पोलाद कारखाना मात्र चालू आहे.

हा सारा हिशेब मांडला की एक गोष्ट मला खटकते. दगड मण-मणाने बाहेर जातो आणि जबडा किलोच्या भावाने परत येतो. या दोन भावांतला जो फरक, त्यातच ओताऱ्याची विद्या आणि मजुरी दडलेली आहे. दगड एकदा काढला की संपतो, विद्या वापरली की वाढते. मोहाडी-तुमसरकडच्या पोरांनी दगड उपसण्याबरोबर ओतण्याचीही कला हस्तगत केली, तर हा फरक त्यांच्याच घरी राहील. काळ्या दगडाने आजवर दूरदूरचे कारखाने उभे केले. आता त्याने आपल्या शेजारच्या चार घरांचा चुलाही अधिक उजळावा, एवढीच माझी इच्छा आहे.