विसराळूपणाचा आळ लिथियमवर

बायपोलर आजारात मन ताळ्यावर आलं की माणूस पूर्ववत होतो, ही समजूत शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १८९९ मध्ये याच निकषावर हा आजार स्किझोफ्रेनियापासून वेगळा काढला: तिथं बुद्धी खालावत जाते, इथं शाबूत राहते. विभागणी सुटसुटीत होती, पण पुरती खरी नव्हती. ना उन्माद, ना नैराश्य अशा काळातही बऱ्याच रुग्णांना नुकतीच ऐकलेली यादी आठवत नाही, वाचताना लक्ष टिकत नाही. सगळ्यांना नाही, पण दुर्लक्ष करावं इतक्या थोड्यांनाही नाही. मग दोष जातो गोळ्यांवर, त्यातही लिथियम या औषधावर.

लिथियमनं डोकं मंदावतं ही तक्रार खोटी नव्हे. चाचण्यांतही थोडा फरक दिसतो. पण डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी (उन्माद-नैराश्याचे झटके टाळण्याचा लिथियमचा गुण चिकाटीनं सिद्ध केला तो यांनीच) १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या निर्मितीबद्दल विचारलं. बारा जणांच्या मते ती वाढली होती, सहांची तेवढीच राहिली, सहांची घटली. नमुना छोटा आणि साक्ष ज्याची त्याची, तरी गोळीनं प्रतिभा मरते या सरसकट विधानाला तो पुरेसा छेद देतो. शिवाय उरलेली उदासी, मोडलेली झोप आणि मंदावलेली थायरॉईड ग्रंथी यांनीही विस्मरण होतं. थायरॉईडचा दोष लिथियममुळेच उद्भवू शकतो, पण तो रक्ततपासणीत सापडतो आणि औषधानं सुधारतो. हे न तपासता परस्पर गोळ्या सोडल्या, तर झटका परतण्याचा धोका वाढतो, आणि झटक्यात लक्ष आणि स्मरण अधिकच विस्कटतं.

एवढं करूनही अडचण उरली तर? मेंदूचे व्यायाम विकणाऱ्या अ‍ॅपवर सराव केला की त्या खेळातले गुण वाढतात. वीजबिल वेळेवर भरलं जाईलच असं नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी स्पेनमधल्या २३९ रुग्णांवर केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग म्हणूनच मला अधिक पटतो. एका गटाला २१ आठवडे रोजच्या व्यवहाराचंच शिक्षण दिलं: डायरी ठेवणं, काम तुकड्यांत वाटणं, पैशांचा हिशेब. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा या गटाचे दैनंदिन व्यवहार स्पष्टपणे सुधारले. मात्र ज्यांना फक्त आजाराची नीट माहिती दिली त्या दुसऱ्या गटाहून तो निर्णायकपणे सरस ठरला नाही, आणि स्मरणाच्या चाचण्यांतले गुणही इतर गटांच्या तुलनेत फारसे हलले नाहीत.