वीसचा पट आणि दोन गुरुजी

वाडीवरच्या शाळेचा पट वीसच्या खाली आला की गावात एकच विषय निघतो. शाळा राहणार की जाणार? पारावर बसलेली मंडळी सरकारला दोष देतात, सरकार पटाकडे बोट दाखवतं आणि शिक्षक संघटना मोर्चाची तारीख जाहीर करतात. वाद सरकार आणि संघटना यांच्यातला. ज्यांची पोरं त्या शाळेत बसतात त्यांना मात्र निर्णय झाल्यावरच कळतं.

आधी हिशेब पाहू, कारण सारं भांडण हिशेबाचंच आहे. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा आकडा पुढे आला. राज्यात अशा 14 हजार 783 शाळा, त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं आणि साडेएकोणतीस हजारांवर शिक्षक. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन गुरुजी. मंत्रालयात बसून पाहिलं तर सहा मुलांमागे एक पगार, हे कुणालाही खटकेल. वाडीवरून पाहिलं तर पहिली ते पाचवीचे पाच वर्ग आणि शिकवायला माणसं दोनच. त्यातले एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की पाची वर्ग एकाच्या गळ्यात. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. फक्त पहिला मंत्रालयातल्या टेबलावर मांडलेला आहे आणि दुसऱ्याला तिथे जागा नाही.

समूह शाळेसाठी खात्याने नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेतचा दाखला दिला. लहान शाळा एकत्र करायच्या, मुलांना एका मोठ्या शाळेत आणायचं, तिथे वर्गवार शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं मैदान द्यायचं. कल्पना वाईट नाही. एकट्यादुकट्या मुलाला वर्गात सोबती मिळतो, हेही खरं. पण गाडी रोज वेळेवर येणार का, पावसाळ्यात ओढा भरला तर काय, आणि दोन वर्षांनी गाडीचा खर्च कुणी द्यायचा, ही उत्तरं कागदावर दिसत नाहीत. सहा-सात वर्षांच्या पोरीला आई कुणाच्या भरवशावर गाडीत बसवणार? मुलगा कसाबसा जाईल, मुलगी घरी राहील. खेड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. या लहान शाळा काही आपोआप उगवलेल्या नाहीत. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे 2000 सालानंतर वस्तीशाळा निघाल्या, त्या मुलांना लांब चालावं लागू नये म्हणूनच. तुटपुंज्या मानधनावर गावातल्याच शिकलेल्या पोरांनी त्या चालवल्या. त्यांना नियमित सेवेत घ्यायला 2014 साल उजाडलं, तेही बऱ्याच आंदोलनांनंतर. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. वीस मुलांना एकच चालेल, असं त्या कायद्यात कुठे नाही.

तरीही 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने वीसच्या आतल्या शाळेचं दुसरं नियमित पद अडचणीत आणलं. सप्टेंबर 2024 मध्ये त्यावर आणखी एक जीआर आला. दुसऱ्या जागेवर सेवानिवृत्त किंवा डीएड-बीएड झालेला कंत्राटी शिक्षक, मानधन पंधरा हजार. शिक्षक दिनाच्या दिवशीच हा जीआर निघाला, याला काय म्हणावं! ओरड झाल्यावर त्याच महिन्यात वीसची मर्यादा दहावर आणली गेली. पण 25 सप्टेंबर 2024 ला शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले ते आलेच. त्या दिवशी कित्येक शाळांना कुलूप होतं.

या मोर्चाची मागणी आमच्या मते रास्त होती. शिक्षक टिकला तर शाळा टिकते. वर्षाच्या करारावरचा माणूस दुसरी नोकरी शोधतच शिकवणार. शिवाय मे 2012 मध्ये शिक्षक भरती थांबवली ती सरकारनेच. बरीच वर्षं जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मग शिक्षक नाहीत म्हणून शाळा जोडायच्या, हा न्याय उलटा आहे. अशैक्षणिक कामांचंही तेच. कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकाला सांगता येतात. प्रत्यक्षात गुरुजींचा निम्मा दिवस माहिती भरण्यात जातो. खिचडीचा हिशेब, यू-डायस, सरल, वरून मागवलेले फोटो. 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर संघटनांनी बहिष्कार टाकला, तो याच रागातून.

पण संघटनांनाही दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला मुख्यालयाचा. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा विषय लावून धरला, तेव्हा संघटना चिडून रस्त्यावर उतरल्या. गावात राहण्याजोगी खोली मिळत नाही, हे शिक्षकांचं म्हणणं पुष्कळ ठिकाणी खरं आहे. मग ती खोली मागण्यासाठी मोर्चा का निघत नाही? भत्ता घ्यायचा, गावात राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव सरपंचांना गळ घालून मिळवायचा आणि पाचच्या ठोक्याला गाडीला किक मारायची, हे गाव रोज बघतं. शाळा वाचवा म्हणून हेच गुरुजी दारात येतात तेव्हा गाव मुकाट्याने सही करतं, पण मनातून सोबत नसतं.

दुसरा प्रश्न बदल्यांचा. पूर्वी पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर बदली व्हायची. 27 फेब्रुवारी 2017 च्या जीआरने ती संगणकावर नेली. अवघड क्षेत्रात वर्षं काढलेल्या शिक्षकाने दुसऱ्याला ‘खो’ द्यायचा, अशी रीत आली. त्यावर केवढा गदारोळ झाला, हे जिल्हा परिषदेच्या आवारात वावरणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल. पुढे 2021 मध्ये नवं धोरण आलं. त्यात त्रुटी असतील, पण डोंगरातल्या शाळेला शिक्षक मिळावा म्हणून संघटनेने स्वतःहून काही सुचवल्याचं फारसं ऐकू आलं नाही. रस्त्याकडेच्या शाळेसाठी भांडण आणि कड्यावरच्या शाळेबद्दल मौन, असं चित्र दिसतं.

यात एक गंमत आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, पण झेडपीच्या प्राथमिक गुरुजींना तिथे मतच नाही. ते मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांचं. त्यामुळे प्राथमिकची ताकद दिसते ती मोर्चात आणि शिक्षक पतसंस्थेच्या निवडणुकीत. पॅनेल, हॉटेलातल्या बैठका, एकाच संघटनेची दोन-तीन शकलं, हे सगळं तिथे चालतं. मंत्र्यासमोर जाताना मात्र एकी लागते, आणि सगळ्यांना जोडणारा मुद्दा एकच उरतो, तो म्हणजे सेवाशर्तींचा. तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, हा विषय निवेदनात शेवटच्या ओळीत जातो.

गावाला यात जागा नाही असं नाही. कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा आहे. किती गावांत ती खरोखर बसते? रजिस्टरवर अंगठे असतात, चहा झालेला असतो. अध्यक्ष बहुतेक सरपंचांच्या गटातला आणि त्याचं पोर तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला. पिवळी बस वस्तीवर येऊन तीच चार-दोन पोरं नेते आणि इकडे पट विसावरून सोळावर येतो. सरकारने शाळा बंद केली म्हणताना हेही मोजायला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा जिल्हा परिषदेचीच. 2025 मध्ये तिला जागतिक पातळीवरचा पुरस्कार मिळाला, तो लोकांच्या मतदानाचा. तिथे गुरुजी राबले आणि गाव मागे उभं राहिलं.

आता कामाचं. शिक्षकांची पदं साधारणपणे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि त्यात आधार जुळलेलं मूलच धरलं जातं. नावातली एक वेलांटी चुकली की वर्गात बसलेलं पोर हिशेबातून बाद. ग्रामसेवक आणि समितीच्या अध्यक्षांनी पोळ्याच्या आसपासच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी मागून घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर हे काम आधी उरकावं. दसऱ्यानंतर टोळ्या हलल्या की आईबाप कारखान्यावर असतात आणि बोटाचे ठसे द्यायला पोर गावात सापडत नाही.