लॅपटॉपवरचं गाणं आणि कानांची साक्ष

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, लॅपटॉपवर गाणं चांगलं ऐकू यावं म्हणून ते यूएसबीचं छोटं यंत्र, डॅक म्हणतात ते, कोणतं घ्यावं?" हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पैसे गेल्यावर मत बदललं!

आधी डॅक म्हणजे काय? लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. हेडफोनला मात्र लागतो चढउतार होणारा विद्युत्संकेत. हे रूपांतर करतो तो डॅक. तो लॅपटॉपमध्ये असतोच. मग बाहेरचा कशाला? कारण लॅपटॉपच्या पोटात इतर भागांची विजेची लुडबुड सतत चालू असते, आणि काही लॅपटॉपमध्ये ती हेडफोनपर्यंत पोचते. माझ्याकडे आलापाच्या मागे तानपुऱ्याच्या जोडीला एक बारीक खरखर असायची. चार्जर काढला की ती कमी व्हायची. बाहेरचा डॅक लावला आणि ती गेली. हा खरा फायदा.

पण मी तिथे थांबलो नाही, बरं का. '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' वाचून दुसरा, कितीतरी महाग डॅक घेतला. आता पाहा, १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचं माप सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट. त्यात सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. तरुण कान साधारण २०,०००पर्यंत ऐकतो. सत्तरीतला त्याच्या कितीतरी आधी थांबतो. म्हणजे ते मोठे आकडे मी वटवाघळासाठी विकत घेतले होते!

तरी मी शपथेवर सांगत होतो की महागडा गोड वाजतो. शेवटी नातवाने परीक्षा घेतली. दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला उगाच चांगला वाटतो. कोणता लावलाय ते सांगितलं नाही. वीसपैकी अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच येतात. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारं, असावं लागतं. चाळीस वर्षं हे शिकवलं, पण माझ्या कानात किंमत बोलत होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी हेडफोन चांगला घ्या. सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. मग गाणं थांबवून ऐका. खरखर नसेल आणि आवाज पुरत असेल, तर डॅक नको. असेल, तर साधा घ्या. वेगळं सॉफ्टवेअर न टाकता चालतो ना, ते पाहा. त्याचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. आणि परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या.

घरी आणलात की कुणाला तरी जोडायला सांगा, आणि तुम्ही पाठ फिरवून बसा.