दिवाळे निघाले, आता पुढे काय?

जुन्या काळी पेठेत एक रीत होती, असे सांगतात. एखादा व्यापारी पार बुडाला, त्याला देणे भागवता येईना, की तो आपल्या पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवी. दिवा दिसला, की लोक समजत, शेटजींचे दिवाळे निघाले! मग घेणेकरी धावत. जो आधी पोचे तो तिजोरी उचली. दुसरा तराजू नेई. मागून एखादा गरीब येई. त्याला काय मिळे? रिकामी गादी.

आता तसे चालत नाही. कारखाना बुडो, कंपनी बुडो, नाही तर बँक बुडो, कायदा मध्ये उभा राहतो. तो म्हणतो, "ओढाओढ करू नका. रांग लावा." ही रांग कशी लागते, तिच्यात आपली जागा कुठे, हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. कारण कोणाचा मुलगा कुपवाडच्या कारखान्यात कामाला असतो, कोणाची ठेव तालुक्याच्या बँकेत असते, तर कोणी एखाद्या कंपनीला माल घालतो. बुडण्याची झळ सगळ्यांनाच लागते.

दिवाळे म्हणजे नेमके काय?

धंद्यात तोटा आला म्हणजे दिवाळे निघाले, असे नाही. द्राक्षाची एक फळी वाया गेली म्हणून शेतकरी काही बुडत नाही. पुढच्या वर्षी तो सावरतो. देण्याची तारीख आली आणि देणे भागवता आले नाही, तिथून खरी अडचण सुरू होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक वेगळी व्यक्ती आहे. तिचे देणे ते तिचे. तिच्यात ज्यांनी शेअर घेतले, त्यांचे शेअरचे पैसे बुडतील, पण त्यांच्या घरादारावर जप्ती येत नाही. मात्र कंपनीच्या कर्जाला जो जामीन राहिला, त्याची सुटका नाही. कंपनी बुडाली तरी बँक जामीनदाराच्या दारात येते. म्हणून कागदावर सही करताना दहा वेळा विचार करावा.

साताऱ्यात काय झाले, कराडात काय झाले?

बुडत्या संस्थेपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे दुसऱ्या कोणी तरी तिला हाती घ्यायचे. दुसरी वाट म्हणजे तिला मोडीत काढायचे. मोडीत काढायची, तिची मालमत्ता विकायची आणि आलेल्या पैशातून देणी द्यायची, याला अवसायन म्हणतात. हे काम पाहणारा माणूस तो अवसायक. आपल्या सातारा जिल्ह्याने या दोन्ही वाटा पाहिल्या आहेत.

साताऱ्यात १९३६ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी युनायटेड वेस्टर्न बँक काढली. तिच्या शाखा गावोगाव पसरल्या. पुढे बँक अडचणीत आली. २ सप्टेंबर २००६ रोजी सरकारने तिच्या व्यवहारांवर बंदी घातली. खातेदाराला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. लोकांच्या पोटात गोळा आला. पण महिनाभरातच, ३ ऑक्टोबर २००६ रोजी, ही बँक आय.डी.बी.आय. बँकेत विलीन झाली. ठेवी शाबूत राहिल्या. भागधारकांना दर शेअरमागे २८ रुपये मिळाले. बँकेचे नाव गेले, पण लोकांच्या ठेवी वाचल्या.

कराडच्या जनता सहकारी बँकेची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेने तिच्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले. तीन वर्षे गेली, पण बँक सावरली नाही. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला आणि अवसायक नेमण्यास सहकार खात्याला सांगितले.

"मग ठेवीदार बुडाले का हो?"

सगळे नाही बुडाले. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यातून देश शहाणा झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा विम्याची मर्यादा होती १,५०० रुपये. वाढत वाढत १९९३ साली ती १ लाख झाली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. कराडची बँक बंद झाली तेव्हा ही नवी मर्यादा लागू होती. शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण ठेव मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. सांगलीची वसंतदादा शेतकरी सहकारी बँक त्याच्या पुष्कळ आधी अवसायनात गेली. तेव्हा मर्यादा १ लाखाचीच होती. पाहा, एका आकड्याने किती फरक पडतो!

ही मर्यादा एका माणसाला, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती काढली, तरी ती एकत्रच मोजतात. आणि हे पक्के लक्षात ठेवा, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही.

कंपनी बुडाली तर?

बँकांचे कायदे वेगळे, कंपन्यांचा कायदा वेगळा. पूर्वी बुडीत कंपन्यांचे खटले वर्षानुवर्षे चालत. यंत्रे गंजून जात. कामगार म्हातारे होत. म्हणून २०१६ साली नवा कायदा झाला. त्याचे नाव नादारी व दिवाळखोरी संहिता.

त्यात काय होते, ते क्रमाने पाहू.

घेणेकरी कंपनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. घेणेकरी म्हणजे ज्याचे येणे आहे तो. तो बँक असेल, माल पुरवणारा असेल, नाही तर कामगार असतील. कंपनी स्वतःही अर्ज करू शकते. थकबाकी कमीत कमी १ कोटी रुपयांची लागते.

अर्ज मंजूर झाला, की कंपनीचा कारभार मालकांच्या हातून जातो. न्यायाधिकरण एक जाणता कारभारी नेमते. त्याचबरोबर स्थगिती लागते. मग कोणी कंपनीवर दावा लावायचा नाही, जप्ती आणायची नाही, यंत्र उचलून न्यायचे नाही. सगळे जिथल्या तिथे थांबते.

मग कारभारी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. "ज्यांचे येणे असेल, त्यांनी अमुक तारखेच्या आत दावा सादर करावा." सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ती हीच. दावा दिला नाही, तर रांगेत तुमचे नाव नाही.

त्यानंतर कर्ज देणाऱ्या बँकांची समिती बसते. कंपनी विकत घेऊन चालवणारा कोणी मिळतो का, ते पाहतात. शंभरात सहासष्ट मते पडली, तर त्याची योजना पास होते. मग न्यायाधिकरणाची मंजुरी घेतात. कंपनी वाचते. कोणीच मिळाले नाही, तर अवसायन.

हे सारे ३३० दिवसांत उरकावे, असे कायदा म्हणतो. पण प्रत्यक्षात फार वेळ लागू शकतो. मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. जूनमध्ये प्रकरण न्यायाधिकरणात गेले. एक खरीददार मिळाला, पण ते काही जमले नाही. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. पाच वर्षे गेली!

पैसे कोणाला, किती?

आता रांग पाहू. एक हिशेब मांडू, म्हणजे कळेल.

समजा, एक कारखाना मोडीत निघाला. जमीन, यंत्रे विकून ८ कोटी रुपये आले. पहिल्यांदा या सगळ्या कामाचा खर्च निघतो. तो धरा १ कोटी. उरले ७ कोटी.

नंतर दोघे जण एकाच पायरीवर उभे राहतात. एक कामगार, त्यांची मागच्या २४ महिन्यांची देणी. दुसरी बँक, जिने कारखाना तारण ठेवून घेतला आणि तो विक्रीसाठी सोडला. समजा कामगारांचे येणे २ कोटी आणि बँकेचे १२ कोटी. मिळून १४ कोटी. हाती तर ७ कोटीच. म्हणजे रुपयाला आठ आणे. कामगारांना १ कोटी, बँकेला ६ कोटी.

तिजोरी रिकामी झाली. मागची रांग तशीच उभी. त्या रांगेत आधी कचेरीतले कारकून आणि अधिकारी, त्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारचे कर. मग माल पुरवणारे. सगळ्यांत शेवटी भागधारक. आपल्या हिशेबात या कोणालाच दमडी मिळाली नाही.

कामगारांच्या नावे ठेवलेला प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन फंड, ग्रॅच्युइटी फंड मात्र या ढिगात धरत नाहीत. तो पैसा कामगारांचा. त्याला बँकही हात लावू शकत नाही.

आपण काय करावे?

"आम्ही अडाणी माणसं, आमचं कोण ऐकतंय?" असे म्हणून घरी बसू नका. कायदा ऐकतो, पण तो कागद मागतो.

कामगाराने पगाराची पावती, नेमणुकीचा कागद आणि प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर जपून ठेवावा. माल घालणाऱ्याने बिलाची प्रत आणि माल पोचल्याची सही ठेवावी. ठेवीदाराने ठेवपावती सांभाळावी, खात्याला वारस लावावा, आणि सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवू नये.

नोटीस निघाली, की मुदत पाहावी. ती थोड्या दिवसांची असते. दाव्याचा नमुना भरावा, कागदांच्या नकला जोडाव्यात आणि पोच घ्यावी. कामगारांनी मिळून एका जाणत्या माणसाकडून दावे दिले तरी चालते. बँक बुडाली तर विम्याच्या पैशासाठीही अर्ज द्यावा लागतो. त्यात दुसऱ्या बँकेतले आपले खाते लिहावे लागते.

बँक बुडाली म्हणजे आपले कर्ज माफ झाले, असे मात्र कोणी समजू नये. अवसायक ते वसूल करतो. त्यातूनच ठेवीदारांची देणी भागतात.

बडा घर, पोकळ वासा, अशी म्हण आहे. मोठी इमारत, मोठी पाटी पाहून भुलू नये. पण वासा मोडलाच, तर रडत बसण्यापेक्षा आपला कागद घेऊन रांगेत उभे राहावे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वर्तमानपत्रात "जाहीर नोटीस" असे दोन शब्द दिसले, तर पान उलटू नका. खालचे नाव वाचा. त्या नावाच्या कंपनीत किंवा बँकेत कदाचित आपल्याच गावच्या कोणाचा तरी घामाचा पैसा अडकला असेल. त्याला वाचता येत नसेल, तर त्याच्या घरी जाऊन ती वाचून दाखवा.